दूधराज आणि मामांचा खोकला

मला रानात शांत बसवत नाही. पाच मिनिटं झाली की जीव कासावीस होतो. मी उठतो, खाकरतो, काठी आपटतो. सोबतचे पक्षीवेडे चिडतात. चिडोत बापडे!

साठ सालच्या आसपास मी केळापूरकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. वय चोवीस, डोक्यात पाखरांचं खूळ आणि गळ्यात उसनी दुर्बीण. त्या उन्हाळ्यात मला दूधराज बघायचाच होता, पांढराशुभ्र, हातभर शेपटीचा. तो कोणत्या नाल्यावर उतरतो हे गावातल्या एका म्हाताऱ्या कोलाम आदिवाशालाच ठाऊक. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणायचो.

मामांसोबत रानात जाणं म्हणजे वरातीत जाणं. दहा पावलं गेली की खोकायचे, काठी दगडावर आपटायचे, झाडांशी मोठमोठ्यानं बोलायचे. दोन सकाळी सगळी पाखरं उडून गेली. तिसऱ्या सकाळी माझं टाळकं सरकलं.

"मामा, काहून एवढं बोंबलता?"

"टेंभरं पिकली ना मास्तर. आस्वल खायले येते. माणूस येऊन राह्यला हे त्याले सांगा लागते. नाही सांगतलं तं दचकते, अन् मंग आंगावर येते."

"एक दिवस नाही सांगितलं तर आभाळ कोसळतं का? तोंड बंद ठेवा, नाही तर घरी जा."

बापाच्या वयाच्या माणसाला मी हे बोललो.  मामांनी काठी खांद्यावर घेतली आणि गप्प चालू लागले.

नाल्यावर मी जांभळाच्या बुंध्याआड दबा धरून बसलो. मामा मागच्या झाडीत सावलीला निघाले, तेही चोरपावलांनी, माझ्यासाठी. आणि तो आला! फांदीवरून पाण्यात सूर मारला, वर गेला, पुन्हा सूर. देवा रे, काय ते रूप!  तेवढ्यात मागं पाला सळसळला, काहीतरी गुरगुरलं आणि मामा ओरडले.

मी दुर्बिणीवरचा डोळा न काढता म्हणालो, "शू!"

दुसरी किंकाळी ऐकून वळलो. पाठीवर पिल्लू घेतलेली अस्वलीण मामांवर तुटून पडली होती. मी बोंबलत धावलो, दगड मारले, शेवटी ती उसनी दुर्बीणही फेकून मारली. अस्वलीण गेली तेव्हा मामांचा चेहरा ओळखू येत नव्हता. बैलगाडीतून पांढरकवड्याचा दवाखाना गाठला. जीव वाचला, डावा डोळा गेला.

आठ दिवस मी त्या व्हरांड्यात येरझारा घातल्या. आत जायची हिंमत होत नव्हती. नवव्या दिवशी त्यांनीच बोलावलं.

"दिसलं का पाखरू?"

लाजेनं माझ्या तोंडून निघालं, "नाही मामा."

ते खाटेवर उठूनच बसले. "हत् तुमची! म्हणजे माहा डोळा फुकटच गेला?"

मी रडायलाच लागलो. "दिसलं मामा. खोटं बोललो मी. दिसलं."

"मंग सांगा, कसं होतं?"

मी सांगू लागलो. पांढरा रंग, काळं डोकं, ती शेपटी, पाण्यातला सूर. मधेच त्यांच्या डोळ्यावरच्या पट्टीकडे लक्ष गेलं आणि मी थांबलो.

पट्टीखालून मामा म्हणाले, "बोला मास्तर. गप्प नका बसू."