जुही आणि लेडीज गोळी

“डॉक्टर, रविवारी मुलगा हिला आमच्या डबरा गावच्या शेतावर कायमची सोडून येणार आहे. त्याआधी एकदा बघून घ्या.”

पवारकाकू हे बोलल्या आणि काकांनी मान दुसरीकडे वळवली. त्यांची लॅब्राडोर जुही माझ्या टेबलावर उभी राहून शेपटी हलवत होती. मागचे पाय ओले, मांड्यांची कातडी लालभडक.

“घरात घाण करते. जिद्दी झाली आहे,” काकू म्हणाल्या. “रागावून पाहिलं, पाणी कमी केलं, बाल्कनीत बांधलं. काही फरक नाही.”

“जागेपणी करते की झोपेत?”



“झोपेत,” काका हळूच म्हणाले. “उठली की खाली ओलं असतं. मग स्वतःच चाटत बसते बिचारी.”

“आणि फिरायला नेल्यावर?”

“एकदम नीट.”

“नसबंदी झालीये ना?”

“केव्हाच झाली.”

मी खुर्चीतून उठलेच. “काकू, ही जिद्द नाही! आजार आहे. आणि बहुतेक गोळीने आटोक्यात येईल!”

मूत्राशयाच्या तोंडाशी स्नायूंची एक कडी असते, नळाच्या वॉशरसारखी. नसबंदीनंतर हार्मोन कमी झालं की काही माद्यांमध्ये ती सैल पडते. झोप लागली की लघवी गळते. कुत्रीला पत्ताही नसतो.

पण अंदाजावर गोळी देत नाहीत. इन्फेक्शन, मधुमेह, खडा, यांतही असंच होतं. युरिन टेस्ट केली, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. मी हार्मोनची गोळी लिहिली आणि बजावलं, “पाणी पोटभर द्यायचं.”

थोड्याच वेळात काकांचा मेडिकल स्टोअरमधून फोन. “डॉक्टर, हा म्हणतोय, ये तो लेडीज़ की गोली है. वयस्क बायकांना देतात म्हणे.”

“बरोबर म्हणतोय. आपली जुही पण लेडीजच आहे!”

डबऱ्याला पाठवणं लांबणीवर पडलं, पण रद्द झालं नव्हतं. “गोळ्या संपेपर्यंत थांबते,” काकूंनी सांगून टाकलं. सुरुवातीला रोज त्यांचा एकच निरोप यायचा: ओलंच आहे. गोळीला वेळ लागतो हे मला माहीत होतं, तरी फोन वाजला की हातातलं काम टाकून आधी तो घ्यायचे.

एका सकाळी मी एका पिल्लाला इंजेक्शन देत होते. फोन आला. काकू ओरडतच होत्या.

“डॉक्टर, चादर सूखी है! अगदी कोरडी! हात फिरवला, मग गाल लावून पाहिला!”

“काय सांगता!” मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेर बसलेले लोक आत डोकावले. “सूखी है!” मी त्यांना सांगितलं. कोणाला काही कळलं नाही, पण दोघांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर डोस हळूहळू कमी केला. जुही कोरडी राहील एवढाच ठेवला. अधूनमधून ती तपासणीला येते. डबऱ्याचं विचारलं तर काकू म्हणतात, “कोण सोडतंय? ती माझ्याच खोलीत झोपते.”

कुत्रा घरात ओलं करत असेल, तर आधी लघवी तपासा. स्वभाव नंतर.