जस्त मोजायचं होतं

आमच्या परभणीच्या माती प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटल्यांना जागा पुरायची नाही, आणि किश्श्यांनाही. बाटल्या निदान धुता यायच्या. दिल्लीहून शिकून आलो तेव्हा जिल्ह्यातलं शेत न् शेत मोजायचं, असं डोक्यात होतं.

पहिलाच नमुना वाघमारे गुरुजींचा. गंगाखेडकडच्या एका गावचे. गावानं नापीक म्हणून टाकलेलं गायरान त्यांच्या बौद्धवस्तीतली घरं कसत होती. ज्वारीची पानं पांढरी पडायची. मला वाटलं, जस्त कमी असणार. गुरुजींनी माती आणली ती जस्ताच्या बादलीत!

"गुरुजी, बादलीचंच जस्त मोजलं जाईल."

"मग परत आणतो साहेब. पेरणीआधी सांगा फक्त."

तिसऱ्या दिवशी कापडी पिशवीत घेऊन आले. मधे बंद होता, एसटी नव्हत्या. अर्धी वाट चालले होते.

•

आमचं यंत्र अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनचं. मातीचा अर्क ज्योतीत फवारायचा आणि खास दिव्याचा उजेड त्यात किती अडतो, त्यावरून धातू मोजायचा. खंडेनवमीला आमचे अटेंडंट किसनराव यांनी बर्नरच्या फटीतच हळदकुंकू वाहिलं. चार दिवस ज्योत पिवळीधमक. मी चिडलो.

"साहेब, गेल्या साली पूजा न्हाई केली, तर वर्षभर मशीन बंद व्हतं की."

यंत्र खरंच वर्षभर बंद होतं.

•

बर्नर साफ केला, तर अ‍ॅसिटिलीनचा सिलिंडर रिकामा. त्या गॅसवर मोठ्या साहेबांच्या बंगल्याच्या गेटचं वेल्डिंग झालं होतं. मी तक्रार घेऊन गेलो.

"अरे, गॅस सरकारचा, गेट सरकारचं," साहेब म्हणाले. "गेला कुठं?"

नवा सिलिंडर येईपर्यंत रब्बीची पेरणी उरकली. गुरुजी दर बाजारच्या दिवशी येऊन बाकावर बसायचे, चहा नको म्हणायचे आणि परत जायचे.

•

जिंतूरकडच्या एका काकांनी माती आणली, चाळलेली, काळीभोर, कोऱ्या फडक्यात बांधलेली. शेतातली कुठली, विचारलं.

"उकिरड्याजवळची. लय भारी हाय."

"आणि पीक पिवळं पडतं तिथली?"

"ती कशाला दाखवायची साहेबाला? आपलीच अब्रू जायची."

•

चैत्रात गुरुजींच्या नमुन्याचा नंबर लागला. जस्त कमीच निघालं. बाकी सगळं चांगलं. रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवायचा नियम होता. त्यावर मी लाल शाईनं, मोठ्या अक्षरात, स्वतःच्या हातानं लिहिलं : 'जमीन उत्तम. एकरी दहा किलो झिंक सल्फेट द्या, भरघोस पीक येईल.'

मृगाआधी राहवेना म्हणून स्वतःच एसटीनं गेलो. गायरानाला नवं काटेरी तारेचं कुंपण घातलेलं होतं. गुरुजी बाहेरच्या बाजूला उभे होते.

"रिपोर्ट मिळाला का गुरुजी?"

"मिळाला की. पंचायतीत मोठ्यानं वाचला. सगळ्या गावानं ऐकला."

पुढच्या आठवड्यात त्याच गावाहून एक गृहस्थ नमुना घेऊन आले. फॉर्मवर गट नंबर त्याच गायरानाचा, नाव त्यांचं स्वतःचं. माती मात्र नीट कापडी पिशवीत.

"पिशवीत आणायची हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"मास्तरनंच. म्हणला, बादलीत नका नेऊ, साहेबाला त्रास व्हतो."