पायाळूच्या नवऱ्याची पाठ

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे अशा माणसाच्या पायाला गुण असतो असं मानतात. कुणाच्या कंबरेत उसण भरली, की पायाळूचा पाय लावून घ्यायचा. लग्न होऊन बुलडाण्यात आले आणि बघता बघता अख्ख्या गल्लीला हे कळलं. देऊळघाटाहून भाजी घेऊन येणाऱ्या बायासुद्धा टोपली दारात ठेवून पालथ्या पडतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, माझा यावर काडीचा विश्वास नाही. पण नाही म्हटलं तर माणसं रुसतात, म्हणून लावते पाय.

फक्त नवऱ्याला कधी लावला नाही. सासूबाईंनी आल्या आल्याच बजावलं होतं, "दुनियेले लाव, पण नवऱ्याच्या अंगाले पाय लावू नको बाई. पाप लागते."

ह्यांना चाळिशीत पाठ कमवायचं वेड लागलं. ऑफिसच्या सहलीत कुणीतरी मागून फोटो काढला आणि त्यात स्वतःची पाठ ह्यांना ओळखूच आली नाही. "पोतं ठेवल्यासारखं दिसून राह्यलं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी जिम लावली. तिथल्या सरांनी समजावलं होतं, की आधी बारला नुसतं लटका, मग वाकून हलकं वजन पोटाकडे ओढायचं रोइंग करा, पोट-कंबर मजबूत झाली की मगच डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा दांडा उचलून उभं राहणं. आमच्या साहेबांनी सुरुवातच त्या दांड्यापासून केली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पाठ रुंद कशानं दिसते एवढंच त्यांना हवं होतं. कंबरेचे व्यायाम बायकांचे म्हणून सोडून दिले.

आरशात स्वतःची पाठ काही नीट दिसत नाही. ती बघायचं काम माझ्याकडे आलं. दर रविवारी मी फोटो काढायचे. पाठ खरंच भरत होती, खोटं कशाला बोलू, मलाही बघायला आवडायची. पण एका रविवारी दोन्ही खांदे एका रेषेत येईनात.

"सरळ उभे राहा ना," मी म्हटलं.

"सरळच त उभा आहो."

पुढच्या रविवारी ते उजवीकडे आणखी झुकलेले दिसले. फोटो मोठा करून दाखवला, तर म्हणे मोबाइल तूच वाकडा धरला. मला भीती वाटायला लागली ती तेव्हापासून. पाठ रुंद होत होती आणि तिच्या आत काहीतरी बिघडत होतं, हे मला दिसत होतं आणि त्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

मग बूट घालताना भिंत धरणं सुरू झालं. कंबरेतून डाव्या पोटरीपर्यंत कळ जायची. शिंक आली की चेहरा पांढरा पडायचा. डॉक्टरकडे चला म्हणून मी कितीदा भांडले. "डॉक्टर वजन बंद करायले लावतीन. आता कुठं आकार येऊन राह्यला," हे एकच उत्तर. निदान व्यायाम तरी बदला, दांडा सोडा, हेही विनवून झालं. त्यांनी दांड्याला आणखी प्लेटा लावल्या.

एका शनिवारी ते जिममधून लवकर परत आले. चटई अंथरली आणि पालथे पडले.

"तूच लाव पाय. उसण आहे, दुसरं काही नाही."

सासूबाई तिथंच शेंगा सोलत होत्या. त्यांनी नको म्हणावं म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी शेंगांचं सूप उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मुलाच्या दुखण्यापुढे पाप मागे पडलं होतं.

कंबरेवर पाय ठेवायची माझी हिंमत होईना. आत काही सरकलं असलं तर? म्हणून ज्या पोटरीत कळ जाते म्हणायचे, तिच्यावर आधी अंगठा टेकवला, मग सगळा तळवा. थोडा भार दिला. हे आ करेनात की ऊ करेनात. मला वाटलं, सहन करतायत. मी आणखी भार दिला.

"ठेव ना पाय," ते चटईत तोंड खुपसूनच म्हणाले. "काऊन थांबली?"