शंभरातले चौदा

सासऱ्यांनी उगवण बघायला ठेवलेले हरभरे मी खाल्ले.

रक्तातली चरबी वाढली म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी गोळीसोबत रोज कडधान्य सांगितलं होतं. (भज्यांचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही.) हरभऱ्याच्या पेरणीच्या तोंडावर हदगावजवळ सासरवाडीला गेलो, तर सकाळी कोनाड्यात ओलं गोणपाट. उलगडलं, आत मोड आलेले टपोरे हरभरे. बायकोला माझ्या पथ्याची केवढी काळजी! मीठ लावलं, लिंबू पिळलं, चौदा तिच्यासाठी ठेवून बाकी फस्त केले. वर, खाल्लं तेवढं परत भिजत घालावं, हा संस्कार. शेजारच्या पोत्यातले तेवढेच मोजून टाकले, पाणी शिंपडलं.

दुपारी मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गोणपाट उलगडून दोनदा मोजलं.

"शंभरात चौदा."

"काय चौदा?" मी विचारलं.

"उगवले. बाकी मेलेलं बी. हे पेरलं तर रान पडीक राहील."

उरलेले शहाऐंशी माझ्या पोटात होते. आणि ते बी होणाऱ्या व्याह्यांनी दिलेलं. मेव्हण्याचं लग्न त्यांच्याच मुलीशी ठरलेलं.

"मामा, अजून एक दिवस बघू की."

"रानातली ओल थांबती का, जावईबापू? बियाण्यात फसवणारा माणूस सोयरिकीत काय करंल? मला न्हाई करायचं हे लगीन."

त्यांनी व्याह्यांना फोन लावला, स्पीकरवर. मामांना कमी ऐकू येतं. मेव्हणा भिंतीला टेकला. फोनची रिंग वाजत होती, आणि नेमकी तेव्हाच बायको आतून विचारत आली, "अहो, सकाळी लिंबू कशावर पिळलं तुम्ही?"

तिसरी रिंग. चौथी.

"मामा, ठेवा फोन. ते हरभरे मी खाल्ले."

"काय?"

"मोड आलेले. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आन् मग हे गोणपाटात काय हाय?"

"ते मी नवीन टाकले. उद्यासाठी."

मेव्हण्यानं श्वास सोडला. तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "हाव, समदं ऐकून राहिलो मी."

मामा खाकरले, "पाव्हणं, बियाण्याचा गैरसमज झाला जरा."

"बी आमचं खणखणीत हाय, पाव्हणं," व्याही शांतपणे म्हणाले. "उगवण तुम्ही जावई करताना बघायला पाहिजे होती."