दाखवता येणारी विहीर

अंजनाबाई कोणतीही वस्तू हात लावून पाहिल्याशिवाय खरी मानीत नसत. घागर घेताना त्या आत हात घालून तळ चाचपीत. आमच्या घरी प्रथम आल्या, तेव्हा मी पुढे केलेली खुर्चीही त्यांनी हलवून पाहिली आणि मगच टेकल्या. "राग नका मानू, मास्तर," त्या म्हणाल्या, "हात लावल्याबिगर मन हाव म्हनत नाही."

अमडापूरला त्यांचा भाजीचा मळा होता. यजमान हयात असताना त्यांनी खामगावच्या एका जिनिंग कंपनीचे दहा शेअर घेतले होते. घरचा कापूस सरकी काढायला त्याच कारखान्यात जात असे. यजमानांच्या पश्चात अंजनाबाई शेअरचे कागद बिस्किटांच्या डब्यात घालून दर वर्षी वार्षिक सभेला येत. मी खामगावच्या शाळेत वाणिज्य विषय शिकवीत असे. सभेच्या सकाळी कंपनीचा अहवाल मी त्यांना वाचून दाखवायचा आणि त्यांनी माझ्यासाठी पिशवीभर वांगी आणायची, असा आमचा परिपाठ होता. निघताना त्या न चुकता म्हणत, "एकदा माही इहीर पाहून जा, मास्तर." मी म्हणे, "पुढच्या सुट्टीत नक्की."

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. त्या वर्षी त्या आल्या, त्या काळजीतच. मुलगी सुमन हिला बुलढाण्याच्या अध्यापिका वर्गात प्रवेश मिळाला होता. फी आणि वसतिगृहाचे पैसे महिनाअखेर भरायचे होते आणि भिस्त कंपनीच्या लाभांशावर होती. मी अहवाल उघडला. कंपनीला नफा चांगला झाला होता; परंतु संचालकांनी सगळाच नफा राखीव निधीत टाकण्याचे ठरवले होते. लाभांश शून्य.

"राखीव म्हंजे?"

मी ताळेबंदाच्या डाव्या बाजूच्या मोठ्या आकड्यावर बोट ठेवले. "म्हणजे बाजूला काढून ठेवलेला पैसा. एवढी रक्कम कंपनीजवळ आहे. तुम्ही सभेत मागा."

हे उत्तर चूक होते. ताळेबंदाची डावी बाजू पैसा कोठून आला ते सांगते. तो कोठे गेला, हे उजव्या बाजूला पाहायचे असते. वर्गात हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो. प्रसंगी मात्र माझी नजर डावीकडेच राहिली.

सभेला मीही सोबत गेलो. अंजनाबाई उभ्या राहिल्या. "राखीव येवढं हाय, तं त्यातलं थोडं आमाले द्या."

अध्यक्ष शेठजी मोठ्याने हसले. "अवं बाई, राखीव काय कोनी गठुड्यात बांधून ठेवते काय? त्याच्या मशिनी झाल्या, शेड झालं. आता काय मशीन कापून वाटू तुमाले?"

सभागृह खदखदून हसले. मागून कोणी म्हणाले, "मावशीले एक चाक देऊन टाका, शेठ!" अंजनाबाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिले. माझी मान खाली गेली. परंतु त्या बसल्या नाहीत.

"गठुड्यात नसते, बरं झालं सांगतलं," त्या म्हणाल्या. "माह्या मिर्चीचा पैसाबी गठुड्यात नाही, शेठ. तो इहिरीत गेला. पन माही इहीर मले दाखवता येते. तुमची दाखवा नं."

हसणे थांबले. पुढच्या रांगेतले एक वृद्ध भागधारक काठी टेकत उठले, "चला, पाहून तं घेऊ." मग शेठजींनाही उठावे लागले.

कारखाना जवळच होता. हंगाम संपल्याने नवी जिनयंत्रे बंद होती; पण त्यांचे पट्टे वापराने चकाकत होते आणि फटींत रुई अडकलेली होती. अंजनाबाईंनी उजवा हात एका चाकाच्या आसावर फिरवला. पुढच्या शेडमध्ये तेलघाणीचे यंत्र होते. ते तीन वर्षांपूर्वी आले होते आणि अजून लाकडी खोक्यातच होते. खोक्याची एक फळी सुटली होती. त्यांनी डावा हात आत घातला. मग दोन्ही तळवे शेठजींपुढे धरले.

"ह्या हातावर वंगन हाय, ह्या हातावर धूळ. दोन्ही राखीवच नं? अन् औंदाचा नफा कायच्यासाठी ठेवता?"

"दुसऱ्या तेलघाणीसाठी," शेठजी हळूच म्हणाले.

"पयली खोक्यात, अन् दुसरी काऊन?"

शेठजींनी सहकाऱ्यांना खूण केली. संचालक शेजारच्या खोलीत जाऊन बसले आणि अर्ध्या तासाने बाहेर आले: दुसरी घाणी रद्द, जिनांच्या दुरुस्तीपुरता नफा राखीव, उरलेल्यातून लाभांश. अंजनाबाईंनी दुरुस्तीच्या राखीवाला सर्वांआधी हात वर केला. वंगणाचाच हात.

मी क्षमा मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी बराबर सांगतलं असतं, तं आपन कारखाना पाहाले गेलोच नसतो." लाभांश सुमनच्या फीला पुरला, वसतिगृहासाठी त्यांनी मिरची विकली. पुढे कोणत्याही कंपनीचा अहवाल हाती आला, की मी तीन प्रश्न क्रमाने विचारू लागलो: नफ्यातले किती ठेवले, त्याचे काय केले, आणि त्या केलेल्याने पुढे काय मिळवून दिले. विद्यार्थ्यांना मी हे सूत्र म्हणून शिकवले. मला ते दोन तळव्यांवरून कळले होते.

माझी 'पुढची सुट्टी' आली, ती अंजनाबाईंच्या निधनानंतर. अमडापूरला गेलो, तेव्हा सुमन नुकतीच शाळेतून आली होती. बोटांना खडूची पूड तशीच होती. मी सांत्वनाचे शब्द जुळवीत होतो. ती म्हणाली, "सर, आधी चला. आई सांगून गेली, मास्तर आले तं पयले इहीर दाखवजो."

बांधीव, खोल विहीर. तळाशी पाणी हलत होते आणि उपसलेले पाटातून मिरचीकडे निघाले होते. मी खाली बसलो आणि काठाच्या दगडाला हात लावला.