आत्यानं खिडक्या लावून घेतल्या

मंडळी, आज घडलेलं आजच लिहितोय.

दुपारी चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून तळवड्याला घरी आलो, तर भर उन्हात सगळ्या खिडक्या लावलेल्या, पंखा बंद. खाटेवर माझे वडील. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. मला बघून बोलायला गेले, शब्दच फुटेना. त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, अंगाला गरम तेल चोळत होती.

"सकाळी चहा पितापिता अंगावरनं वारं गेलं," ती म्हणाली. "आता वारं लागू द्यायचं न्हाई. माज्या बापाला बी असंच झालं व्हतं. हेच केलं, वाचला की!"

ती गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. तेव्हा पुण्याला दवाखान्यात न्यायचं तर बैलगाडीच, दुसरं करणार तरी काय? पण आज दारात रिक्षा आहे राव!

वडिलांना तसंच उचलून हॉस्पिटलात नेलं. स्कॅन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं. ती वेळ गेली."

आत्या बाकावर तोंडाला पदर लावून बसली होती. ओरडणारच होतो. पण विचारलं एवढंच, "आजोबा खरंच बरे झाले होते?"

"वाचला व्हता," ती म्हणाली. "पर पुन्यांदा कदी बोलला न्हाई."

तुमच्या घरी असं झालं तर आधी काय होईल, खिडक्या लागतील की रिक्षा येईल? आज जेवायला बसाल तेव्हा विचारून बघा.