खाचराचा जामीन

इतकी वर्षे झाली, तरी विंझरच्या त्या बाईंनी दिलेला जामीन मी विसरलेलो नाही. भोर तेव्हा संस्थान होते आणि मी तिथे फौजदार होतो. नावे मुद्दामच देत नाही; त्या घरची माणसे अजून तिकडे नांदतात.

विंझरच्या देवळातला चांदीचा मुखवटा चोरीला गेला. पोलीस पाटलाची वर्दी येताच आम्ही जाऊन पंचनामा केला. देवळाच्या ओसरीवर घाटाखालून आलेला एक मजूर राहत असे. त्याच्या बोचक्यात मुखवट्याचा तुटका तुकडा सापडला. "मी ठेवला नाय," एवढेच तो म्हणत राहिला. चोर असेच म्हणतात. आम्ही त्याला अटक केली.

कोर्टाने जामीन मंजूर केला, पण परमुलखातल्या मजुराला जामीन राहणार कोण? खटला होईपर्यंत तो कोठडीत राहणार, असे आम्ही धरून चाललो होतो. एके दिवशी विंझरच्या एक विधवा शेतकरीणबाई जमिनीचा उतारा घेऊन भोरला आल्या. ओढ्याकाठचे भाताचे खाचर, त्यांची सगळी जमीन तेवढीच. तीच त्या जामीन म्हणून लिहून देत होत्या.

मी विचारले, "हा तुमचा कोण?"

"कुनी न्हाई."

"मग कशासाठी?"

"त्यानं चोरी केली न्हाई, सायेब."

"तुम्हांला कसे ठाऊक?"

त्यांनी उतारा माझ्यापुढे सरकवला. कागदात खोट नव्हती. मजूर सुटला.

पुढच्या तारखेला तो हजर झालाच नाही. खाचर जप्त का करू नये, अशी नोटीस बाईंवर निघाली. नोटीस घेताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत, असे शिपायाने सांगितले. मला ते खटकले. परक्यापायी जमीन चालली असताना माणूस निदान त्याला शिव्या तरी घालतो.

त्याच सुमारास सारोळ्याहून खबर आली, की त्याच वर्णनाचा एक इसम गाड्यांवर माल चढवताना दिसतो. तिथला नीरेचा पूल ओलांडला की इंग्रजी हद्द लागे. मग माणूस परत आणणे जिकिरीचे. मी एक शिपाई घेऊन गेलो. मजूर पुलाच्या तोंडाशीच भेटला. पळाला असता तर आमच्या हाती लागला नसता.

मी लांबूनच म्हणालो, "तू गेलास तर त्या बाईंचे खाचर सरकारजमा होईल."

"कसलं खाचर?"

अंगठा कशावर घेतला, हे त्याला कोणी समजावलेच नव्हते. सोडले म्हणजे सुटलो, असे त्याने धरले होते. मी सगळे सांगितले. त्याने एकदा पुलाकडे पाहिले. मग पाठीवरचे पोते उतरवून म्हणाला, "चला."

भोरच्या ठाण्यात मी बाईंना बोलावले. मजूर तिथेच उभा होता.

"मावशी," तो म्हणाला, "तुमची जमीन अडकलीय ते मला ठाव नव्हतं."

"तू कशाला आलास रे?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "लिवून घ्या सायेब. भात काढाया कणगीत हात घातला, तर हाताला देवाचं तोंड लागलं. माज्या पोराचं काम हाय. ह्येच्या बोचक्यात तुकडा त्यानंच घातला."

"आधी का नाही सांगितलेत?"

"एकुलता हाय. वाटलं, जमीन गेली तर जाऊ दे, पोरगं बी ऱ्हाईल आन् ह्यो बी सुटंल. पर ह्यो माज्या जमिनीपायी माघारी आला. आता कसं गप बसू?"

पोराने कणगीतून हलवलेला मुखवटा गोठ्यातल्या गव्हाणीखालून निघाला. चांदी विकून पुण्यात दुकान टाकायचा पोराचा बेत होता. त्याने गुन्हा कबूल केला, त्याला शिक्षा झाली. मजूर निर्दोष सुटला आणि जप्तीची नोटीस रद्द झाली.

जामीनदार आला की आम्ही त्याची मालमत्ता तपासत असू. तो जामीन का राहतो आहे, हे खोदून विचारण्याची सवय मला या प्रकरणाने लागली. चोर शोधायला मी बोचकी उचकली, पण खरा धागा त्या बाईंच्या गप्प राहण्यात होता.

पोराला तुरुंगात नेताना बाई फाटकाशी भाकरी बांधून उभ्या होत्या. निकालाच्या वेळी त्याने आईकडे पाहिलेसुद्धा नव्हते. शिपाई मला विचारू लागला, "देऊ द्यायची का?" मी मानेनेच हो म्हटले. पोरगा थांबला, बेडीतले दोन्ही हात पुढे केले आणि भाकरी घेतली.